एक बी मागं ठेवू नगा

लॅपटॉप हळू चालतो म्हणून जो तो माझ्याकडं येतो आणि आल्याआल्या स्वतःच डॉक्टर होतो. "रॅम कमी पडतीय बघ, नियाजभाई." "व्हायरस शिरलाय ओ आत." अरे बाबा, तुलाच सगळं कळतंय तर माझ्या टेबलावर कशाला आणून आपटलास? बस की घरी उघडून. असं मी तोंडावर बोलतो, तरी लोक येतात. कारण अख्ख्या माधवनगरात, मी तर म्हणेन सांगलीतसुद्धा, एसएसडी, म्हणजे आतली नव्या जातीची डिस्क, कशानं मंद पडला ते शोधणारा माझ्यासारखा दुसरा माणूस नाही. फुशारकी म्हणा हवं तर. महिन्यापूर्वीपर्यंत मीही ती फुशारकीनंच सांगत होतो.

माझे अब्बा इथल्या मिलमध्ये मागावर होते. नुसत्या खडखडाटावरून कुठला माग बिघडलाय ते सांगायचे. जुन्या हार्ड डिस्कचंही तसंच असायचं. टकटक वाजायला लागली की समजायचं, हिचे दिवस भरले. एसएसडीला मात्र आवाजच नसतो. तो मुकाट्यानं मंद होतो, आणि त्याचं दुखणं ओळखायला डोकं लागतं. ते डोकं मला आहे, असं मी येणाऱ्या जाणाऱ्याला ऐकवत असे.

तर महिन्यापूर्वीच्या एका मंगळवारी सोनम आली. सकाळचे दहा वाजले असतील. वीस-बावीस वर्षांची पोरगी, माण तालुक्यातली, दहिवडीच्याही पलीकडं कुठलंसं गाव. बापाच्या दवाखान्यासाठी मावशीकडं माधवनगरात उतरली होती. रोज मिरजेला रेडिएशनच्या शेकाला जायचं, परत यायचं. बाप बाहेर रिक्षातच बसलेला, गळ्याला टॉवेल गुंडाळलेला.

"काका, आत या की, उन्हात कशाला बसताय?" मी ओरडलो.

बाप्या नुसता बघत राहिला. हूं नाही की चूं नाही. किती मग्रूर माणूस आहे, असं मी मनात म्हटलं. खरंच म्हटलं, खोटं कशाला सांगू.

"दादा, लय हळू चालतोय ह्यो," सोनमनं लॅपटॉप टेबलावर ठेवला. "सुरू हुईस्तवर माझा चा पिऊन हुतो."

मी उघडून बघितला. कुणाचा तरी जुना, सेकंडहँड घेतलेला. आत लहानसा एसएसडी, आणि तो गळ्यापर्यंत भरलेला. "कशानं भरलास गं एवढा?" मी विचारलं.

"आवाज हायती त्यात. रेकॉर्डिंग. त्यानंच भरलाय."

"मग त्याचं काय करायचं?"

"तेवढं सगळं काडा आन् मग फास्ट करा."

मी पक्का माणूस. न विचारता कुणाच्या फायलीला हात लावत नाही. म्हणून पुन्हा विचारलं, "सगळं काढू?"

"व्हय, सगळं. एक बी मागं ठेवू नगा. नीट काडा दादा, पाया पडते." बाहेर रिक्षावाल्यानं हॉर्न मारला. "आमचा अकराचा नंबर हाय. बॅगंत हाय बघा सगळं," असं म्हणत ती पळालीसुद्धा.

आता ह्यात चुकलं कुणाचं, तुम्हीच सांगा. माझ्या दुकानात दिवसभर हाच एक शब्द चालतो. व्हायरस काढा. जुनं विंडोज काढा. पोरानं गेम टाकलेत ते काढा. पासवर्ड विसरलोय, काढा. माझ्याकडं काढायचं म्हणजे उडवायचं, वीस वर्षं हेच. शहाणी पोरगी आहे, असं मला वाटलं. नाहीतर लोक पाच वर्षांपूर्वीच्या बारशाचे फोटोसुद्धा सोडत नाहीत आणि वर विचारतात, मशीन हळू का.

बॅगेत चार्जर होता आणि एक पेन ड्राईव्ह. कोरा, पाकीटसुद्धा न फोडलेला. कुणाची वस्तू हरवायला नको म्हणून त्यावर 'सोनम, माण' अशी चिठ्ठी चिकटवली आणि खणात टाकून दिला. एवढा मी काळजीवाला!

मग दुखणं शोधायला बसलो. डिस्क भरलेली होती हे खरं, पण भरलेली डिस्कसुद्धा एवढी रडत नाही. काहीतरी दुसरंच होतं. काळी खिडकी उघडून एक ओळ टाइप केली आणि उत्तर आलं, एक. एक म्हणजे ट्रिम बंद.

तुम्हाला सोपं करून सांगतो, कारण पुढचं सगळं यावरच आहे. जुन्या हार्ड डिस्कवरची फाईल उडवली तरी ती आत तशीच पडून राहायची, फक्त यादीतलं नाव खोडलं जायचं. म्हणून तर मी लोकांची गेलेली लग्नं, बुडालेले हिशोब परत वर आणून दिलेत. एसएसडीचं तसं नाही. त्याला धुतलेल्या जागेवरच झटकन लिहिता येतं. हॉटेलात उष्टी ताटं घासलीच नाहीत तर नव्या गिऱ्हाइकाला वाढणार कशात? म्हणून फाईल उडवली की कॉम्प्युटर एसएसडीला सांगतो, ही जागा आता नको, धुऊन टाक. ह्या सांगण्याला म्हणतात ट्रिम. कुण्या अर्धवटानं ह्या लॅपटॉपमधलं तेच बंद करून ठेवलं होतं. उष्टी ताटं वर्षानुवर्षं साचलेली, आणि मशीन मान टाकून बसलेलं.

मला काय आनंद झाला सांगू! दुसऱ्या कुठल्याही दुकानात ह्या पोरीला म्हणाले असते, नवा एसएसडी टाक. मी फुकटात बरा करणार होतो.

रेकॉर्डिंगच्या चव्वेचाळीस फायली होत्या, एकेक दोन-दोन तासांची. नावं नाहीत, नुसते नंबर. न बघता काही उडवायचं नाही हा माझा नियम, म्हणून मधलीच एक उघडली आणि पुढं ढकलून ऐकली. नुसता वारा, घंटा किणकिणतायत, मेंढरं ओरडतायत. मग एकदम एका गड्यानं असा काही आवाज काढला की मी खुर्चीत दचकलो. जिभेचा का गळ्याचा, कुठनं निघाला कुणास ठाऊक. हुर्र करून सुरू झाला, वर गेला, तिथंच थरथरला आणि शेवटाला तुटला. मागनं तोच माणूस हसला आणि म्हणाला, "सोने, बंद कर की आता त्ये. लय झालं."

शाझिया, माझी बायको, तेवढ्यात डबा घेऊन आली होती. "क्या जी ये?" तिनं विचारलं.

"कुणी धनगर बोंबलतोय," मी म्हटलं, आणि आम्ही दोघं हसलो.

मग मी चव्वेचाळीसच्या चव्वेचाळीस निवडल्या आणि उडवल्या. कचऱ्याच्या डब्यातही ठेवल्या नाहीत, कायमच्या. एक बी मागं ठेवू नगा म्हणाली होती ना. मग ट्रिम चालू केलं आणि एसएसडीला सांगितलं, आतापर्यंतची सगळी रिकामी जागा धुऊन काढ. शंभर टक्के झाल्याचं दिसलं. बंद करून परत चालू केला, मोबाईलवर वेळ लावली. नऊ सेकंद! पोरीचा चहा कपातसुद्धा ओतून झाला नसता.

दुसऱ्या दिवशी शेक घेऊन परत येताना दोघं आली. ह्या वेळी बापही आत आला. ज्योतिबा त्यांचं नाव. उंच, वाळलेला माणूस, पांढरी टोपी. स्टुलावर बसले. टॉवेल जरा सरकला तेव्हा मला दिसलं, गळ्याच्या खाली, हाडाच्या खोबणीत एक भोक होतं, आणि श्वास तिथनं येत-जात होता.

कालचा माझा शब्द मला आठवला. मग्रूर.

"गळ्याचा कॅन्सर," सोनम म्हणाली. "आवाजाची पेटीच काडली डॉक्टरांनी. दीड महिना झाला." म्हणजे बघा, तिथंही तोच शब्द. पण तेव्हा माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. मी माझ्याच मशीनचं कौतुक सांगायला लागलो. "नऊ सेकंद, पोरी! लाव घड्याळ!"

तिनं बटण दाबलं. नऊ सेकंदांत उघडला. तिचं तोंड फुललं. "आबा, बगा की, लय फास्ट!" ज्योतिबांनी मान डोलावली आणि पिशवीतनं एक निळा स्पीकर काढला, तो गळ्यात अडकवायचा असतो ना तसला, नवा. तिनं त्याला लाल गोंडा बांधला होता.

"आता लावा दादा," सोनम म्हणाली. "कशावर काडलंय? पेन ड्राईव्हवरच काडलंय न्हवं?"

"काय?"

"रेकॉर्डिंग."

अल्ला जाणतो, त्या क्षणी मला सगळं समजलं होतं, तरी मी विचारलं, "कुठलं रेकॉर्डिंग?"

"असं काय करताय? आबांचा आवाज. म्या सांगितलं हुतं की, सगळं काडा, एक बी मागं ठेवू नगा." ती हसतच होती. तिला वाटलं मी थट्टा करतोय.

"काढलं," मी म्हटलं. "तू काढ म्हणालीस म्हणून काढलं. उडवलं."

तिला ते कळायला वेळ लागला. मी खणातनं पेन ड्राईव्ह काढून टेबलावर ठेवला, माझी चिठ्ठी लावलेला, पाकिटातला. तो बघितल्यावर तिला कळलं. तिनं आवाज चढवला नाही. "म्या काडून ठेवा म्हणत हुते," एवढंच म्हणाली, आणि पुन्हा तेच, "म्या काडून ठेवा म्हणत हुते ओ."

मग हळूहळू सगळं सांगितलं तिनं. ज्योतिबांची साठ मेंढरं. मेंढरू माणसाचं तोंड ओळखत नाही, हाक ओळखतं. पाण्यावर न्यायची हाक वेगळी, वळवायची वेगळी, कोल्हं-लांडगं आल्याची वेगळी, चुकलेल्या पिलाला बोलवायची वेगळी. पेटी काढायचं ठरलं तेव्हा ऑपरेशनला नऊ दिवस होते. त्या नऊ दिवसांत ही पोरगी फोन घेऊन बापाच्या मागं रानात हिंडली. फोन भरला की लॅपटॉपवर ओतायचं, फोन रिकामा करायचा, परत रानात. मग आवाज स्पीकरवर घालायचा, स्पीकर आबांच्या गळ्यात, आणि आबा बटण दाबतील तशी मेंढरं वळतील. एका वहीत तिनं सगळं लिहून ठेवलं होतं. वही तिनं उघडून दाखवली. सतरा नंबर, एक तास बारा मिनिटं, पाण्याची हाक. एकतीस नंबर, सुरुवातीलाच, पिलाची हाक. पानंच्या पानं.

"दवाखान्यात बोलायचं मशीन देत्यात, गळ्याला लावायचं," ती म्हणाली. "लावून बगितलं. एकाच सुरात घूं घूं वाजतंय. आमच्या कुत्र्यानं बी भुंकून घेतलं."

"मेंढरं आता कोण बघतं?"

"आय. तिचं न्हाई ऐकत. पांगत्यात. ह्या महिन्यात सात गेली, दोन तर गाडीखाली. व्यापारी येऊन बगून गेलाय. म्या म्हणले, आये, शुक्रवारपत्तुर थांब, आवाज घिऊन येते."

मी लॅपटॉप ओढून घेतला. एरवी कुणाची फाईल गेली तर मी सांगतो, काळजी करू नका, नियाज आहे. तेव्हा माझ्या तोंडातनं ते निघेना. तरी रिकव्हरीचं सॉफ्टवेअर लावलं. वीस मिनिटं गेली. ज्योतिबांच्या गळ्यातनं बारीक शिट्टीसारखा श्वास. आणि स्क्रीनवर यादी आली. एक, दोन, तीन, पार चव्वेचाळीसपर्यंत! नंबर तेच, फायलींचा आकारही तेवढाच.

"आलं!" सोनम ओरडली. तिनं बापाचा हात धरून हलवला. "आबा, आलं बगा, सगळं आलं!" ज्योतिबा उठून उभे राहिले. मला ठाऊक होतं आत काय असणार, पण त्या दोघांची तोंडं बघून माझ्यानं सांगवेना. अर्धं मिनिट मी त्यांना खूश राहू दिलं. ते मी करायला नको होतं.

सतरा नंबर परत आणला, उघडला. प्लेअरनं सांगितलं, ही फाईल वाचता येत नाही. एकतीस. तेच. फाईल फोडून आत बघितलं तर पहिल्यापासून शेवटपर्यंत शून्यं. यादीतली नावं तेवढी राहिली होती, ताटं मी घासून ठेवली होती. पुण्यात माझ्या ओळखीचा एक आहे, मोठ्या लॅबमध्ये, त्याला फोन लावला. "ट्रिम मारलंस ना?" तो म्हणाला. "मग मला कशाला विचारतोस, नियाज? तूच लोकांना शिकवतोस हे." मी फोन ठेवला.

माझ्याहून कच्चा एखादा मेकॅनिक असता तर? त्याला ते दुखणं सापडलंच नसतं. त्यानं फायली उडवल्या असत्या, मशीन तसंच रडत राहिलं असतं, आणि आज एका तासात मी सगळ्या परत आणल्या असत्या. हे मी तिला सांगितलं नाही. इथं पहिल्यांदाच सांगतोय. माझ्या हुशारीला आग लागो.

"कुणाला पाठवलं होतंस का?" मी विचारलं. "आठव. भावाला, मैत्रिणीला?"

तिचा भाऊ रविराज मुंबईत असतो. त्याला एक तुकडा पाठवला होता व्हॉट्सॲपवर, पिलाच्या हाकेचा. लगेच फोन लावला. रविराज म्हणाला, आलं होतं काहीतरी, नेट संपत आलेलं म्हणून उघडलं नाही. मग उघड आत्ता! त्यानं उघडलं. आता ही फाईल मिळू शकत नाही, असं त्याच्या फोननं सांगितलं. सोनमनंही तो तुकडा पाठवून झाल्यावर उडवलेला, फोनमध्ये जागा करायला. "पर झालं काय?" रविराज तिकडनं विचारत होता. "काय न्हाई," ती म्हणाली.

तेव्हा ज्योतिबांनी माझ्या दंडाला हात लावला. माझ्याकडं बोट केलं, मग स्वतःच्या कानाला लावलं, आणि भुवया उंचावल्या.

"इचारत्यात," सोनम खाली बघत म्हणाली, "तुमी ऐकलं का म्हणून."

"ऐकलं. थोडंसं."

ज्योतिबांनी हात फिरवला. कसं होतं? एवढंच विचारत होते. त्या आवाजात बोललेलं शेवटचं कुणी ऐकलं असेल तर मी, आणि ऐकून मी हसलो होतो. काय सांगू? मी प्रयत्न केला, देवाशपथ. तोंड उघडून हुर्र केलं. माझ्या गळ्यातनं असा काही घाणेरडा आवाज निघाला की रस्त्यावरचा एक माणूस थांबून आत डोकावला. ज्योतिबांनी डोळे मिटले आणि नकारार्थी मान हलवली.

"शेवटाला बोलले होते," मी म्हटलं. "सोने, बंद कर की आता त्ये. लय झालं."

सोनमनं पदरासारखी ओढणी तोंडाला लावली. "परत म्हणा," ती म्हणाली. मी परत म्हटलं. शब्द तेच होते, पण आवाज नियाजचा, माधवनगरचा. तिनं तिसऱ्यांदा म्हणायला सांगितलं नाही.

"माफ कर पोरी," मी म्हटलं.

मग तिनं घरी फोन लावला, स्पीकरवर टाकला, आबांना ऐकू यावं म्हणून. तिच्या आईनं, तानुबाईंनी, उचलला. रानातच होत्या. मागं घंटा किणकिणत होत्या, मेंढरं ओरडत होती, अगदी माझ्या मशीनमध्ये होतं तसं. "आये," सोनम म्हणाली, "त्या व्यापाऱ्याला या म्हणावं." तिनं फोन टेबलावर ठेवला.

ज्योतिबांनी तो उचलला. पलीकडं मेंढरांचा कालवा वाढला होता, कुठलंतरी पिलू आईपासनं चुकून एकसारखं ओरडत होतं. ज्योतिबांनी फोन तोंडाशी धरला, मान जराशी मागं टाकली आणि तोंड उघडलं. ओठ वळले, जीभ हलली, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. भोकातनं हवा फसफसली आणि टॉवेलचं टोक हललं. त्यांनी पुन्हा केलं. पूर्ण हाक, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

"हॅलो?" तानुबाई म्हणाल्या. "हॅलो, सोने? कोण हाय? आवाज येत न्हाई."

ज्योतिबा तसेच उभे होते.

"आवाज येत न्हाई गं," तानुबाई म्हणाल्या आणि फोन बंद केला.